पाणी सुटेपर्यंत: स्ट्रोकमध्ये मेंदू थंड करण्याची गोष्ट

माझ्या मामांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आयसीयूच्या दाराबाहेर आम्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता, हात हलला का? आतल्या सिस्टरना मात्र हातापेक्षा थर्मामीटरची काळजी जास्त दिसत होती. दर चार तासांनी ताप बघायचा, तक्त्यावर लिहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा ३७.८ झाला, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत शंभर. लगेच डॉक्टरांना फोन, सलाइनमधून पॅरासिटामॉल, काखेत ओले पंचे. मामी माझ्या कानाशी पुटपुटली, "एवढ्याशा कणकणीचं काय घेऊन बसलेत हे? इथे माणूस अर्धा लुळा पडलाय."

गंमत अशी की आदल्या दिवशी याच मामीने शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मामांच्या डोक्यावर बर्फाची पिशवी धरली होती. त्या बर्फापायी वीसेक मिनिटं गेली, मग गाडी बोलावली. म्हणजे मेंदूचा आणि उष्णतेचा काहीतरी संबंध आहे असं शेजाऱ्यांनाही वाटत होतं आणि सिस्टरनाही. एकाच दिशेच्या या दोन धडपडींतली एक वाया गेलेली आणि दुसरी नेमकी का, हे कळायला मला बरंच वाचावं लागलं. वाचताना लक्षात आलं की शेजाऱ्यांच्या बर्फामागची कल्पना वैद्यकातल्या नामांकित लोकांनीही चाळीसएक वर्षं उराशी धरली आहे, आणि तेही तिच्यापायी वारंवार तोंडघशी पडले आहेत.

आधी मेंदूचा खर्च बघू. वजन साधारण १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला वीस टक्के हा एकटा घेतो. दर मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याच्यातून फिरतं. आणि साठवणीचा दाणा म्हणाल तर घरात नाही. यकृतात, स्नायूंत थोडीफार साखर शिल्लक असते. मेंदू मात्र रोजचं आणून रोज खाणारं घर. पुरवठा तुटला की चूल लगेच विझते.

स्ट्रोक म्हणजे हा पुरवठा तुटणं. रक्तवाहिनी फुटली तर रक्तस्रावाचा स्ट्रोक, गुठळीने बुजली तर दुसरा. बहुतेक स्ट्रोक या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि इथून पुढे मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

पाटाच्या पाण्यावरची शेती ज्यांनी बघितली आहे त्यांना पुढचं समजायला सोपं जाईल. एका चारीत, म्हणजे शेतात पाणी आणणाऱ्या छोट्या पाटात, दगडमाती अडकली. त्या चारीच्या तोंडाशी असलेलं वावर, ज्याला दुसरीकडून थेंबही येत नाही, ते दुपारपर्यंत करपतं. पण त्याच्या कडेच्या सऱ्यांना शेजारच्या रानातून बांधाखालून थोडा पाझर मिळत असतो. तिथली रोपं माना टाकतात, पिवळी पडतात, तरी मुळाशी जीव असतो. चारी वेळेत मोकळी झाली तर ती पुन्हा उभी राहतात. नाही झाली, तर करपलेला भाग कडेकडेने पसरत जातो आणि संध्याकाळी सगळंच रान गेलेलं असतं.

मेंदूत नेमकं हेच होतं. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते १० च्या खाली गेलं की पेशी थोड्याच वेळात मरतात. हा झाला गाभा. १० ते २० च्या मधल्या भागातल्या पेशी काम बंद करतात, पण मरत नाहीत. हात लुळा पडतो, शब्द फुटत नाही, आणि तरीही त्या हाताच्या, त्या शब्दांच्या बऱ्याचशा पेशी जिवंत असतात. १९८१ मध्ये या अर्धमेल्या भागाला शास्त्रज्ञांनी ग्रहणाच्या शास्त्रातला शब्द दिला, पेनम्ब्रा. आपल्या पंचांगात तोच शब्द उपछाया म्हणून येतो. पूर्ण काळोखही नाही आणि धड उजेडही नाही असा पट्टा. स्ट्रोकचे आजचे तातडीचे उपचार मुख्यतः या पट्ट्यासाठी आहेत. गाभा गेलेला असतो, त्याच्यासाठी कोणी धावत नाही.

हा पट्टा किती वेगाने आटतो याचा हिशोब २००६ मध्ये एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने मांडला. मोठी रक्तवाहिनी बुजली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात. हा आकडा सरासरी आहे. कोणाचा पाझर चांगला असतो, कोणाचा नसतो. पण आमच्या बर्फाच्या वीस मिनिटांना मी त्या आकड्याने गुणून बघितलं आणि कागद फाडून टाकला.

आता थंडीचं काम. चारी मोकळी करणं तिच्या हातात नाही. ती फक्त ऊन कमी करते. ऊन उतरलं की रोपांची तहान कमी होते आणि तेवढ्याच पाझरावर ती जास्त वेळ तग धरतात. मेंदूचं तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं की त्याचा खर्च साधारण सहा ते सात टक्क्यांनी कमी होतो. ३७ वरून ३३ वर आणलं तर पाव हिस्सा वाचला.

पण नुसत्या काटकसरीने थंडीचा पूर्ण परिणाम समजत नाही. प्राण्यांत दिसलेला फायदा त्याहून पुष्कळ मोठा होता. त्याचं कारण कळायला पेशी कशी मरते ते बघावं लागतं, आणि ती मरण्याची पद्धत फार वाईट आहे.

पेशीच्या आत आणि बाहेर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचं प्रमाण वेगवेगळं ठेवायला तिच्या भिंतीतले पंप चोवीस तास चालू असतात. मेंदूच्या खर्चातला मोठा वाटा याच पंपांवर जातो. रक्त थांबलं की पंप काही मिनिटांत मंदावतात. सोडियम आत शिरतं, त्यामागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. फुगलेली पेशी आपल्याजवळचं ग्लुटामेट बाहेर ओतते. ग्लुटामेट हे एरवी पेशींनी एकमेकींना निरोप पाठवायचं रसायन, चिमूटभर पुरतं. इथे त्याचा लोंढा येतो. शेजारच्या पेशी भडकून उठतात, त्यांची दारं सताड उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. मग आतली प्रथिनं कुरतडणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि पेशी स्वतःलाच खायला लागते. म्हणजे हे उपाशी घर गुपचूप मरत नाही. मरता मरता शेजाऱ्यांच्या घरातला उरलासुरला दाणाही उधळायला लावतं. जॉन ओल्नी या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये या प्रकाराला 'एक्सायटोटॉक्सिसिटी' असं नाव दिलं. उत्तेजित होऊन मरणं.

एवढ्यावर थांबत नाही. पुढच्या तासांत पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि दाह सुरू होतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा झिरपायला लागतो. दोन-तीन दिवसांत सूज वाढते, आणि कवटी काही ताणली जात नाही. शिवाय गुठळी निघून रक्त परत आलं तरी त्या अचानक आलेल्या ऑक्सिजनमुळे काही पेशींना नव्याने इजा होते. तहानेने सुकलेल्या रानात एकदम पाट फोडला तर मातीही वाहून जाते, तसं.

औषधांची गोची इथेच झाली. एक औषध ग्लुटामेटचं दार बंद करतं, दुसरं कॅल्शियमचं, तिसरं दाह कमी करतं. एक दार अडवलं तर चोर दुसऱ्याने येतो. २००६ मध्ये कोणीतरी बसून मोजदाद केली: तोवर स्ट्रोकमध्ये मेंदू वाचवण्यासाठी १,०२६ उपाय प्रयोगशाळेत किंवा रुग्णांवर अजमावले गेले होते. प्राण्यांत शेकड्यांनी यशस्वी झाले. माणसांत पेशी वाचवणारं म्हणून एकही टिकलं नव्हतं. थंडी मात्र एका दाराशी उभी राहत नाही. ग्लुटामेट कमी सुटतं, विकरं मंदावतात, दाह मंदावतो, पडदा कमी झिरपतो, सूज कमी येते. सगळ्या वाड्याचाच वेग उतरतो. म्हणून तर लोक तिच्या प्रेमात पडले.

एक मर्यादा आत्ताच सांगून ठेवतो. फ्रिजमध्ये दूध उशिरा नासतं, पण नासलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून चांगलं होत नाही.

थंडी माणसाला वाचवते हे स्ट्रोकवाल्यांनी शोधलेलं नाही. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत पाहिलं होतं की शेकोटीजवळ ठेवलेले जखमी सैनिक लांब, थंडीत पडलेल्यांपेक्षा लवकर दगावतात. पण थंडी खऱ्या अर्थाने शस्त्रक्रियेच्या टेबलावर आली ती टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांच्यामुळे. उघड्या हृदयावर काम करायचं तर रक्त थांबवावं लागणार, आणि रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला धोका. बिगेलोंनी उलटा विचार केला: रक्त वाढवता येत नसेल तर गरज कमी करा. त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि पुढे शीतनिद्रेत जाणाऱ्या प्राण्यांचाही अभ्यास केला. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला २८ अंशांपर्यंत थंड केलं, साडेपाच मिनिटं हृदयाकडे येणारं रक्त अडवलं आणि तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं. मुलगी वाचली. आजही महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला वीस अंशांच्या आसपास नेऊन रक्ताभिसरण काही वेळ पूर्ण बंद ठेवतात.

याहून अचाट घटना १९९९ ची. नॉर्वेतल्या नार्विकजवळ स्कीइंग करताना एक तरुण स्वीडिश डॉक्टर गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली अडकली. बाहेर काढायला ८० मिनिटं लागली. शरीराचं तापमान १३.७ अंशांवर गेलेलं, हृदय बंद. ती जगली आणि पुन्हा डॉक्टर म्हणून कामाला लागली. अशा बातम्या वाचून कोणालाही वाटेल की थंडी सर्वसमर्थ आहे. पण थंड करून केलेली शस्त्रक्रिया आणि हा अपघात या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे, ते पुढे महत्त्वाचं ठरणार आहे: दोन्ही ठिकाणी मेंदू आधी थंड होत गेला आणि पुरवठा नंतर तुटला. स्ट्रोकचा रुग्ण आपल्यासमोर येतो तो नेमका उलट्या क्रमाने.

१९८७ मध्ये मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं तोडला. सगळ्यांच्या शरीराचं तापमान सारखं, फक्त मेंदूचं वेगवेगळं ठेवलं. ३६ अंशांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित भागाची मोठी नासाडी झाली होती. ३४ अंशांवर ती एकदम कमी. फरक फक्त दोन अंशांचा! तोपर्यंत मेंदूचं तापमान वेगळं मोजायचा रिवाज नव्हता. या प्रयोगानंतर अनेकांना शंका आली की आपली काही 'यशस्वी' औषधं खरं तर प्राण्याला नकळत थंड करत होती. २००७ मध्ये अशा शंभराहून अधिक प्रयोगांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा थंडीमुळे मेलेल्या भागाचा आकार सरासरी ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. इतकं चांगलं उत्तर या क्षेत्रात क्वचितच मिळतं.

मग माणसांत काय झालं?

माणूस कुडकुडला. गंमत नाही, मुख्य अडचण हीच. आपलं शरीर ३७ अंशांवर हट्टाने बसलेलं असतं. तापमान जरा उतरलं की आधी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि साडेपस्तीसच्या आसपास हुडहुडी सुरू होते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी आपोआप थरथरून उष्णता तयार करणं. त्यात शरीराचा खर्च दुपटीच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे मेंदूची काटकसर करायला निघालो आणि घराचा खर्च दुप्पट करून बसलो. उंदराला भूल दिलेली असते, तो कुडकुडत नाही. हृदय बंद पडून आलेला रुग्ण बेशुद्ध असतो, त्यालाही झोपेची आणि स्नायू ढिले करणारी औषधं देता येतात. स्ट्रोकचा रुग्ण बहुतेकदा जागा असतो, स्वतः श्वास घेत असतो, आणि डॉक्टरांना त्याला जागाच ठेवायचं असतं, कारण तो बोलतो का, हात उचलतो का यावरच सगळी पारख.

यावर काढलेली युक्ती वाचून मला हसू आलं होतं. मांडीतल्या शिरेतून एक नळी पोटातल्या मोठ्या शिरेपर्यंत न्यायची, तिच्या आतून थंड पाणी फिरवायचं, म्हणजे रक्त आतल्या आत गार होतं. आणि वरून रुग्णाला गरम हवेची चादर! आपल्याला थंडी वाजते की नाही हे ठरवण्यात त्वचेचा मोठा वाटा असतो. त्वचा गरम ठेवली की मेंदूतलं थर्मोस्टॅट काही प्रमाणात फसतं. जोडीला पेथिडिन आणि बस्पिरोन यांसारखी हुडहुडी दाबणारी औषधं. एवढं करून माणूस ३३ अंशांपर्यंत जागा राहू शकतो. पण गुंगी येते, खोकण्याची ताकद जाते, थुंकी श्वासनलिकेत उतरते. २०१० च्या एका अमेरिकन चाचणीत थंड केलेल्यांपैकी ५० टक्के जणांना न्यूमोनिया झाला. न केलेल्यांत १० टक्के.

तुम्ही म्हणाल, सगळं शरीर कशाला? डोकंच गार करा. शेजारी तेच करत होते. इथे गणित आडवं येतं. उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा. बाहेरचा गारवा चटकन आत पोचतो. आपला त्याच्या सातशे पट, वर केस, कातडी, हाड, आणि आतून मिनिटाला पाऊण लिटर ३७ अंशांचं ताजं रक्त. टाकीत सतत गरम पाणी ओतत राहायचं आणि ती बाहेरून ओल्या फडक्याने गार करायची, असला तो प्रकार. बर्फाची पिशवी कातडी गार करते, मेंदूचा वरचा पातळ थर फार तर किंचित. खोल भागाला पत्ताही लागत नाही. आणि तो खोल भाग मुळात आपल्याला वाटतो त्याहून गरम असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये निरोगी माणसांच्या मेंदूचं सरासरी तापमान ३८.५ मोजलं, आत कुठे कुठे चाळिसाच्याही वर. कपाळाला हात लावून त्यातलं काही कळत नाही.

तिसरी अडचण वेळेची. उंदीर काही मिनिटांत थंड होतो. सत्तर किलोच्या माणसाला दीड-दोन अंश उतरवायला तास जातात, आणि त्याआधी घर ते हॉस्पिटल, सीटी स्कॅन, सह्या. एवढ्यात उपछायेतलं बरंचसं गेलेलं असतं.

युरोपात युरोहिप-१ नावाची मोठी चाचणी आखली गेली. १,५०० रुग्ण घ्यायचे होते, मिळाले ९८. शेवटी पैसा आणि धीर दोन्ही संपले. ज्या ४९ जणांना थंड करायचं ठरलं त्यांतल्या जेमतेम १५ जणांचं तापमान ठरलेल्या पातळीपर्यंत नेता आलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: फायदा दिसला नाही. मला विचाराल तर या चाचणीने थंडीची परीक्षा झालीच नाही. झाली ती पंख्यांची, चादरींची आणि रुग्णांच्या सहनशक्तीची.

पण म्हणून कल्पना बरोबरच आहे असंही म्हणवत नाही, कारण तिच्या भावंडांची कहाणी मध्येच वळली आहे. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या रुग्णांना ३२ ते ३४ अंशांवर ठेवल्यास मेंदू वाचतो, असं २००२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या दोन चाचण्यांत दिसलं आणि जगभरच्या आयसीयूंत तो रिवाज झाला. २०२१ मध्ये जवळजवळ १,९०० रुग्णांची चाचणी झाली. एका गटाला ३३ अंशांवर नेलं, दुसऱ्याला थंड न करता फक्त ताप चढू दिला नाही. सहा महिन्यांनी मृत्यू दोन्हीकडे सारखेच.

नवजात बाळांचं प्रकरण आपल्या जास्त जवळचं आहे. जन्माच्या वेळी गुदमरलेल्या बाळाला पहिल्या सहा तासांत थंड करायला घेऊन ७२ तास साडेतेहतीसच्या आसपास ठेवायचं, हा श्रीमंत देशांतला मान्य उपचार आहे. त्यामागे भक्कम चाचण्या आहेत आणि त्याने खरोखर बाळं वाचली, अपंगत्व टळलं. मेंदू थंड करण्याचा हा जगातला सर्वांत पक्का विजय. साहजिकच आपल्याकडेही तो यायला लागला. मग २०१५ ते २०१९ या काळात हेलिक्स नावाची चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत झाली. मुंबईचं सायन हॉस्पिटलही त्यात होतं. ४०८ बाळं. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. तोच उपचार, तेच तापमान, आणि मृत्यू कमी न होता वाढले. यंत्रं साधी नव्हती, देखरेख नीट होती, त्यामुळे 'आपल्याकडे धड करता येत नाही' एवढं म्हणून सुटता येत नाही. संशोधकांनी सुचवलेली एक शक्यता अशी की आपल्याकडच्या अनेक बाळांना इजा प्रसूतीच्या क्षणी न होता त्याच्या कितीतरी आधी, पोटात असतानाच झालेली असते. दूध आधीच नासलेलं. मग थंडीचा फायदा उरत नाही आणि तोटे तेवढे पदरात पडतात: रक्त कमी गोठतं, जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, नाडी आणि रक्तदाब उतरतो.

परदेशातला उपचार जसाच्या तसा उचलून आणू नये हे आपण सभांमध्ये नेहमी ऐकतो. इथे त्याची किंमत बाळांच्या आकड्यांत मोजलेली आहे.

मग स्ट्रोकसाठी ही वाट बंद झाली का? उंदरांकडे पुन्हा एकदा बघितलं तर एक बारकावा सापडतो. २००७ च्या त्या बेरजेत थंडीचा सर्वांत जास्त फायदा झाला तो जिथे रक्तवाहिनी थोडा वेळ बंद करून नंतर उघडली होती तिथे. कायमची बंद ठेवली तर कमी. पाटाच्या भाषेत: ऊन कमी केलं, पण पाणी कधी सुटलंच नाही, तर रान उशिरा करपेल एवढंच. आणि माणसांतल्या सुरुवातीच्या चाचण्यांच्या काळात पाणी फारसं सुटतच नव्हतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन १९९५ मध्ये सिद्ध झालं. ते आधी तीन, नंतर साडेचार तासांच्या आत सर्वसाधारणपणे देता येतं आणि मोठ्या वाहिनीतली जाडजूड गुठळी त्याने बहुतेकदा हलत नाही.

२०१५ हे वर्ष म्हणून महत्त्वाचं. त्या एका वर्षात पाच चाचण्यांचे निष्कर्ष छापून आले: मांडीतल्या धमनीतून तार मेंदूपर्यंत न्यायची, गुठळीत जाळी उघडायची आणि गुठळी ओढून बाहेर काढायची. बहुतेक रुग्णांची चारी मोकळी होते. हे आता पुणे-मुंबईतच नव्हे तर महाराष्ट्रातल्या इतर मोठ्या शहरांतही होतं. या यशाने थंडीची एक अमेरिकन चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण उपचाराची रीतच बदलली. पण त्याच वेळी थंडीला पहिल्यांदा तिचा खरा जोडीदार मिळाला.

कारण तार मेंदूत गेलेलीच आहे. मग त्याच वाटेने थंड सलाइन का सोडू नये? बीजिंगच्या शुआनवू रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये २६ रुग्णांवर हे करून पाहिलं. ४ अंशांचं सलाइन बारीक नळीतून आधी गुठळीच्या पलीकडे, मग वाहिनी उघडल्यावर त्याच भागात. त्यांच्या हिशोबाने आजारी भाग निदान दोन अंशांनी उतरला आणि बाकी शरीराला जेमतेम काही दशांशांचा फरक पडला. हुडहुडी नाही, गरम चादर नाही, न्यूमोनियाची वाढीव भीती नाही. शिवाय थंडी पोचते ती नेमक्या क्षणी, ताजं रक्त धडकतं तेव्हा. ही कल्पना मला आजवरच्या सगळ्यांत जास्त पटते. पण २६ हा आकडा किती लहान आहे हेही डोळ्यांआड करता येत नाही. गारवा सलाइन चालू असेपर्यंतच टिकतो, नंतर गरम रक्त तो धुऊन नेतं. शिवाय किती सलाइन घालावं यालाही मर्यादा आहे, नाहीतर सूज आपणच वाढवायचो. मोठ्या चाचण्यांतून फायदा पक्का दिसेपर्यंत हा प्रयोगच. कोणी आज 'मेंदू थंड करून लकवा बरा करतो' असं सांगून पैसे मागत असेल तर सरळ उठून यावं.

आता मामांच्या ३७.८ कडे. थंड केल्याने फायदा होतो की नाही यावर वाद असेल. गरम झालेल्या मेंदूचं नुकसान होतं यावर फारसा नाही. कोपनहेगनमध्ये १९९६ साली केलेल्या अभ्यासात, दाखल होतानाचं तापमान एका अंशाने जास्त असलेल्या रुग्णांत वाईट निकालाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. उपछायेतल्या पेशी आधीच उधारीवर जगत असतात, त्यात ताप म्हणजे ऐन वैशाखाचं ऊन. अर्थात ताप हे कारण की मोठ्या स्ट्रोकचं लक्षण, हा प्रश्न उरतोच. २०२४ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ६७७ रुग्णांपैकी निम्म्यांना आपोआप तापमान राखणारे पॅड लावून ताप येऊच दिला नाही. ताप खरोखर कमी झाला, पण तीन महिन्यांनी माणसं किती सावरली यात फरक दिसला नाही.

मग सिस्टर उगाच धावत होत्या का? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ स्ट्रोक विभागांत एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. यंत्र नाही, नवं औषध नाही. परिचारिकांना फक्त तीन गोष्टी काटेकोर पाळायला शिकवलं: पहिले तीन दिवस दर चार तासांनी ताप बघा आणि ३७.५ झाला की उतरवा. साखर वाढू देऊ नका. आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडात काही घालू नका. तीन महिन्यांनी या गटात मेलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात ५८. तार, जाळी, थंड सलाइन यांच्या गर्दीत हा आकडा मला अजून विश्वास बसू नये इतका मोठा वाटतो. तिन्हींपैकी कशाने किती फरक पडला हे त्यातून सुटं करता येत नाही. पण तिसरी अट नीट वाचली तर ती पहिल्या अटीचं मूळ असू शकते हे कळतं. स्ट्रोकमध्ये घशाची एक बाजूही दुबळी पडते. पाजलेलं पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं, दोन दिवसांत छातीत न्यूमोनिया होतो आणि तक्त्यावर ताप चढतो.

तिसऱ्या दिवशी मामांच्या छातीचा एक्स-रे काढला, उजव्या फुप्फुसात खाली डाग होता. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "झटका आल्यावर घरी काही पाजलं होतं का?"

मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी येईपर्यंत... अर्धा कप चहा. हुशारी यावी म्हणून."